दोन सायकली, एक पास

खान्देशात वर्षानुवर्षं अपडाऊन करणारा माणूस ओळखायची खूण एकच. एसटीचा पास काय, कॉलेजच्या पोरांकडेही असतो. मुरलेल्या अपडाऊनवाल्याच्या खिशात सायकलच्या दोन किल्ल्या असतात. पहिली गावाकडच्या सायकलची. ती सायकल घरून फाट्यापर्यंत दामटायची, ओळखीच्या टपरीमागे लावायची आणि एसटी धरायची. दुसरी किल्ली शहरातल्या सायकलची. ती जळगावच्या किंवा धुळ्याच्या बसस्थानकाजवळ सायकल स्टँडवर रात्रभर मुक्कामाला असते आणि सकाळी मालकाला ऑफिसात, शाळेत, बाजार समितीत पोचवते. संध्याकाळी सगळं उलट्या क्रमाने. मालक एकच, पण या दोन सायकली जन्मात एकमेकींचं तोंड पाहत नाहीत.

वाहतूकतज्ज्ञ या प्रकाराला भारदस्त नाव देतात, त्यावर अहवाल लिहितात, परिषदा भरवतात. एरंडोलकडून जळगावला येणारे मास्तर ‘फाट्याला सायकल लावली अन् गाडी धरली’ एवढ्या सहा शब्दांत अहवाल संपवतात आणि खिडकीची जागा मिळते का ते बघतात.

या दोन सायकलींचे संस्कार वेगवेगळे असतात. गावाकडची घरातली असते. दसऱ्याला तिला झेंडूची माळ मिळते, दिवाळीआधी वंगण मिळतं, मडगार्डवर धाकट्या पोराचं नाव रंगवलेलं असतं. शहरातली सायकल मात्र मुद्दाम कळकट ठेवतात. सीटला प्लास्टिकची पिशवी, पॅडलचा एक रबर गायब, हँडल किंचित वाकडं. चोराने तिच्याकडे पाहावं आणि त्याला तिची दया यावी, असा सगळा बेत असतो. एवढं करूनही ती कधीतरी चोरीला जातेच. मग अपडाऊनवाला आठवडाभर पायी फिरतो आणि जुन्या बाजारातून तिच्याहून कळकट सायकल घेऊन येतो. ती कधीकधी बरीच ओळखीची वाटते.

खरी परीक्षा असते ती किल्ल्या बदलण्याच्या दिवशी. पँट बदलताना शहरातली किल्ली घरी राहते आणि स्टँडवर उतरल्यावर हातात गावाकडची येते. मग पांढरा सदरा, खिशाला पेन, कपाळाला अष्टगंध अशा थाटातले मुख्याध्यापक कुलूप लागलेल्या सायकलचं मागचं चाक उचलून तिला दुकानाकडे ढकलत निघतात. चौकातला हवालदार पाहतो. मास्तर हवालदाराला पाहतात. मास्तरांनी काहीही सांगितलं तरी ते चोराचंच बोलणं वाटावं, अशी ती अवस्था असते. बहुतेक वेळा सुटका होते ती एकाच कारणाने. हवालदार त्यांचा माजी विद्यार्थी निघतो. नेमका तो सातवीत नापास झालेला असला, तर मात्र चौकशी लांबते.

एसटी आणि सायकल या जोडप्याचा इतिहास जुना आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही एसटीची पहिली गाडी धावली. पुढे ‘रस्ता तिथे एसटी’ हे ब्रीद गाड्यांबरोबर गावोगाव पोचलं. एसटीने ते जमेल तसं पाळलंही. अडचण एवढीच की खान्देशातलं घर रस्त्यावर नसतं. रस्ता फाट्यापाशी संपतो, घर तिथून दोन-चार किलोमीटर आत, कपाशीच्या आणि केळीच्या पलीकडे. हे उरलेलं अंतर ना एसटीच्या वेळापत्रकात बसतं, ना म्हाताऱ्या गुडघ्यांत. ते सायकलने भरून काढलं.

तेव्हा सायकल एसटीसाठी फाट्यावर थांबत नसे, एसटीवर चढत असे. जुन्या गाड्यांना मागे लोखंडी शिडी आणि टपावर कठड्याचं कॅरिअर होतं. सायकल चढवायचा विधी ठरलेला. खालचा माणूस ती डोक्यावर घेऊन शिडीच्या तीन पायऱ्या चढणार. वरचा हँडल धरून ओढणार. पॅडल शिडीत अडकणार. मग बसमधले सगळे प्रवासी खिडकीतून डोकं काढून एकाच वेळी डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली करायला सांगणार. कंडक्टर लगेजचं तिकीट फाडणार आणि सायकलवाला ते खिशात घालताना म्हणणार, ‘मी तर आत उभाच आहे, बसून ती चाललीय.’

टपावर तिला संगत मिळायची ती कोंबड्यांच्या डालीची, आंब्याच्या पाट्यांची, वळकट्यांची. रस्त्याकडेच्या बाभळीच्या फांद्या टपावरून झाडू मारत जायच्या. त्यामुळे जळगावला चढवलेली सायकल पारोळ्याला उतरवली की तिच्या आऱ्यांत थोडी बाभूळ, थोडी पिसं आणि कुणाच्या तरी वळकटीची सुतळी असायची. पंक्चर बहुतेक वेळा मोफत.

त्या काळात लग्नात जावयाला सायकल, मनगटी घड्याळ आणि रेडिओ मिळाला की व्याही खूश. वऱ्हाड एसटीने परतताना नवरी आत आणि सायकल टपावर असा प्रवास व्हायचा. दर थांब्याला नवरदेव खाली उतरून वर पाहून यायचा. आत बसलेल्या नवरीने त्यावरून जो अंदाज बांधला, तो तिने पुढची चाळीस वर्षं अधूनमधून बोलून दाखवला.

शहरात शिरल्यावर सायकलला नगरपालिकेचा कायदा लागू व्हायचा. वार्षिक कर भरून पत्र्याचा बिल्ला घ्यावा लागे. डबलसीट दिसले की शिट्टी, रात्री दिवा नसला की शिट्टी. एसटीत साठ माणसं उभी असली तरी चालत असे, पण सायकलवर दोघे बसले की कायदा मोडायचा. त्यामुळे चौक जवळ आला की मागचा उडी मारून उतरायचा, अनोळखी असल्यासारखा फुटपाथवरून चालायचा आणि चौकापलीकडे पुन्हा ओळख निघायची.

टपावरची कॅरिअरं आणि शिड्या आता गेल्या. सायकल खाली राहिली, फाट्यावर. पण जोडी तुटली नाही. उलट तिचा हिशेब पक्का झाला. एसटीचा मासिक पास काढला तर वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस फिरता येतं. उरलेले दहा दिवस माणूस कामावर जाणार नाही, असं महामंडळाने गृहीत धरलंय की काय, यावर बसमध्ये जोरदार चर्चा झडते. सरकारी नोकरांना हा अंदाज फार कडक वाटतो.

पासची खिडकी, सायकल स्टँडवाला आणि फाट्यावरचा टपरीवाला या तिघांवर अपडाऊनवाल्याचं जग चालतं. त्यात टपरीवाला सगळ्यांत महत्त्वाचा. तो सायकल सांभाळण्याचे पैसे घेत नाही, फक्त रोज एक चहा गृहीत धरतो. शिवाय गाडी निघून गेली की नाही, हे त्यालाच विचारतात. एसटीला आता मोबाइलवर वेळापत्रक आहे, पण ‘शिरपूर गाडी गेली का भो?’ या प्रश्नाचं उत्तर समोसा तळता तळता देणारा माणूस अजून कुठल्याही फोनमध्ये आलेला नाही. दिलेलं उत्तर चुकलं तर तो दुसरा चहा पाजतो. त्याचेही पैसे घेतो.

बस आणि सायकल यांचं सगळ्यांत नाजूक नातं मात्र डब्याचं. जळगावला, धुळ्याला शिकायला खोली घेऊन राहिलेल्या पोरांसाठी गावाकडून आई सकाळच्या गाडीने डबा पाठवते. पहाटे भाकरी, भाजी, ठेचा बांधून डबा फाट्यावर येतो आणि ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर जाऊन बसतो. तिथे तो गरमही राहतो. प्रत्येक डब्याला ओळख असते. कुणाचा लाल फडक्यातला, कुणाच्या झाकणावर नेलपॉलिशने नाव, कुणाच्या कडीला चोळीच्या कापडाची गाठ. गाडी लागायच्या वेळी खोलीतला एक पोरगा सायकल घेऊन स्टँडवर हजर. हँडलला दोन्हीकडे दोन-दोन डबे, एक कॅरिअरला, आणि पिंप्राळ्याच्या किंवा देवपूरच्या दिशेने वरात निघते. वाटेत खड्डा आला की चार घरची वरणं एक होतात.

पोरगा उशिरा उठला तर मात्र शोकांतिका घडते. गाडी पुढे भुसावळची असते. डबाही भुसावळला जातो, तिथलं जंक्शन बघतो आणि संध्याकाळच्या परतीच्या गाडीने गावाला जाऊन उतरतो. आई झाकण उघडते. भाकरी तशीच. त्या रात्री जो फोन येतो, त्यात विद्यापीठाच्या कुठल्याही परीक्षेपेक्षा अवघड प्रश्न असतात. शेवटचा नेहमीचा: ‘मंग तू खाल्लं काय दिवसभर?’ गोलाणी मार्केटजवळची पावभाजी हे उत्तर कुणीही देत नाही.

सरकारनेही ही जोडी ओळखली, आणि तीही अगदी सरकारी अचूकतेने. मानव विकास कार्यक्रमात २०११ पासून राज्यातले १२५ मागास तालुके घेतले. त्यांत खान्देशातलेही आले. गावातल्या मुलींना शाळेत जाता यावं म्हणून एसटीच्या निळ्या गाड्या सुरू झाल्या. त्याच कार्यक्रमात आठवी ते बारावीतल्या गरजू मुलींना सायकली. सायकल कुणाला, तर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणारीला. म्हणजे वर्तुळाच्या आत सायकल, बाहेर बस. कागदावर कंपासने आखावी तशी सुबक योजना. फक्त गावं कंपास घेऊन वसवलेली नसतात. एकाच वाडीत आंब्याच्या अलीकडचं घर चार पूर्णांक नऊचं आणि पलीकडचं पाचच्या पुढचं निघतं. मग दोन मैत्रिणींपैकी एकीला सायकल आणि एकीला बस. दोघींनी तोडगा लगेच काढला. सायकलवालीने बसवालीला डबलसीट फाट्यापर्यंत आणायचं, आणि पावसाळ्यात बसवालीने सायकलवालीसाठी जागा धरायची. या उपकलमाचा जीआर निघालेला नाही.

एरवी विनोदाचा विषय असलेली ही निळी गाडी आणि ही सायकल, पण त्यांनी एक फार मोठं काम केलं. ‘एवढ्या लांब पोरीला कोण पाठवतं’ हे घरातलं जुनं वाक्य त्यांनी निकामी केलं. आता त्याच घरातला बाप फाट्यावर उभा राहून ‘गाडी चुकव म्हणजे दाखवतो’ असं पोरीला दरडावतो.

शहरांची गोष्ट निराळी. धुळे सायकलसाठी जणू आखूनच दिलं आहे. १८१९च्या सुमाराला कॅप्टन जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने इथे नवी पेठ वसवली, तिच्या गल्ल्या सरळ रेषेत काढल्या. त्या आजही नंबरांनी ओळखल्या जातात. बारापत्थरजवळच्या स्टँडवर उतरलेला पाहुणा पत्ता विचारतो तेव्हा त्याला गल्लीचा आकडा सांगतात. त्याला वाटतं, आता चुकणं अशक्य. धुळेकर त्याला चुकवतात ते आकड्याने नाही, तर त्यानंतर जोडलेल्या ‘तिथून जरा आत’ या तीन शब्दांनी. पांझरेपलीकडच्या देवपूरला स्वतंत्र बसस्थानक आहे. त्यामुळे नदी बसने ओलांडायची की सायकलने, हा धुळ्यात रोजचा निर्णय आहे. पांझरा पावसाळ्यात कधीकधी लहान पूल पाण्याखाली घालून तो निर्णय स्वतःच घेते.

जळगावच्या मधोमध रेल्वे जाते आणि तिला समांतर राष्ट्रीय महामार्ग. पूर्वी त्याचा नंबर सहा होता, आता त्रेपन्न आहे. ट्रक मात्र तेच. सुरतेहून नागपूरकडे निघालेला सोळा चाकी ट्रक आणि आकाशवाणी चौकातून भाजी घेऊन निघालेली सायकल यांना एकाच डांबरावर जागा शोधावी लागली, म्हणून समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. महामार्ग ओलांडायला उभा असलेला सायकलवाला आधी उजवीकडे पाहतो, मग डावीकडे, मग वर.

शहर बस या दोन्ही शहरांत रस्त्यापेक्षा बातम्यांत जास्त धावली आहे. मधली पोकळी रिक्षाने भरली. तीन सीटची रिक्षा सहाची होते, ड्रायव्हर अर्धा बाहेर बसतो आणि ‘दोनच सीट’ असं ओरडत चौकाचौकात थांबतो. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने १०,००० विजेच्या बसगाड्यांची पीएम ई-बस सेवा मंजूर केली, तीन लाखांवरच्या वस्तीच्या शहरांसाठी. २०११च्या जनगणनेत जळगावची वस्ती साडेचार लाखांच्या वर आणि धुळ्याची पावणेचार लाखांच्या आसपास. म्हणजे आकड्यांत दोघंही पास.

त्याच जनगणनेने आणखी एक गंमत सांगितली होती. शेती आणि घरगुती धंदे सोडून कामाला जाणाऱ्या भारतीयांपैकी सुमारे १३ टक्के सायकलने जात होते, सुमारे ११ टक्के बसने. मोटरसायकल-स्कूटरवाले सायकलवाल्यांपेक्षा किंचित कमीच भरले. रस्त्यावरचा आवाज ऐकून हे कुणालाही खरं वाटलं नसतं. त्यानंतर हप्त्यावरच्या मोटरसायकलींनी घराघरात ओटा बळकावला आणि सायकल स्टँडवरच्या पाटीत ‘सायकल’ एवढा शब्दच जुना राहिला. आत सगळी मोटरसायकलींची गर्दी. कोपऱ्यात भिंतीला टेकून तीन-चार कळकट सायकली. त्या कुणाच्या, हे आता सांगायला नको.

अर्थात खान्देशात सायकल चालवणं हे नुसतं स्वस्त काम नाही, त्याला छाती लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा सायकलची सीट हे बसण्याचं साधन राहत नाही. रुमाल ओला करून त्यावर टाकायचा, तो स्वार होईपर्यंत वाळतो. पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. इथली काळी माती चाक आणि मडगार्डच्या फटीत असा ठाण मांडून बसते की चाक फिरायचंच थांबतं. मग काडीने माती खरवडायची, चार पावलं जायचं, पुन्हा खरवडायची. शेवटी माणूस सायकल खांद्यावर घेतो आणि फाट्यापर्यंत चालतो. एसटीत चढल्यावर कंडक्टर त्याच्या पायांकडे बघतो आणि शेतासाठी अर्धं तिकीट घ्यायचं की पूर्ण, असा चेहरा करतो.

जगात इतरत्र या दोघांचा संसार बराच थाटात चालतो. अमेरिकेत सिअ‍ॅटलने १९९०च्या दशकात आपल्या बसगाड्यांना पुढच्या बाजूला सायकल टांगायची लोखंडी चौकट लावली, ती पाहून पुढे कितीतरी शहरांनी लावली. नेदरलँड्समध्ये उट्रेख्त स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींचं वाहनतळ आहे, २०१९मध्ये पूर्ण झालेलं. कोची मेट्रोने २०२०मध्ये सायकल डब्यात न्यायला फुकट परवानगी दिली. ही माहिती फाट्यावरच्या टपरीत पोचली तेव्हा सिअ‍ॅटलचं कुणाला विशेष वाटलं नाही. ‘आपल्याकडं टपावर न्यायचे ना,’ म्हणून तिथल्या एका जिभाऊंनी तो विषय मिटवला. उट्रेख्तच्या साडेबारा हजारांवर मात्र सगळे गंभीर झाले. एवढ्या गर्दीतून आपली सायकल संध्याकाळी शोधायची कशी, या काळजीने दोन चहा जास्त गेले.

एसटी बंद पडल्यावर सायकल काय करते, हे २०२१-२२मध्ये दिसलं. ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिलपर्यंत चालला. पास खिशात कुजले. फाट्यापर्यंत जायची सवय असलेल्या सायकली तालुक्यापर्यंत पोचल्या. ज्यांना ते अंतर झेपेना त्यांनी काळी-पिवळीचं दार धरून प्रवास केला. गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पहिल्या दिवशी कंडक्टरला पेढा मिळाला आणि दुसऱ्या दिवशी सुट्या पैशांवरून भांडण.

आता या जुन्या संसारात तिसरी पिढी आली आहे: घडीची सायकल. पुण्याला नोकरी करणारा एक तरुण सुट्टीत अशी सायकल घेऊन जळगावच्या स्टँडवर धुळ्याच्या गाडीत चढतो. कंडक्टर त्या काळ्या गाठोड्यापाशी थांबतो.

‘हाई काय शे भो?’

‘सायकल आहे.’

‘सायकलला लगेज लागंल.’

‘पण ती घडी केलेली आहे. बॅगेसारखी.’

कंडक्टर विचारात पडतो. नियमात सायकल आहे, बॅगही आहे, पण एकाच वेळी दोन्ही असलेली वस्तू नाही. मागच्या सीटवरचे नाना म्हणतात, पोराला मांडीवर घेतलं तर तिकीट नाही, तसं हिला मांडीवर घ्यावं. खिडकीतल्या मावशींना ती खरीच सायकल आहे यावर विश्वास नाही. ‘उलगडी दाखाड ना,’ असा त्यांचा आग्रह. अर्धी बस त्यांच्या बाजूची होते. तरुणालाही जरा कौतुक हवंच असतं. पाळधी मागे पडता पडता तो कळ दाबतो, एक खटका उघडतो, दुसरा उघडतो आणि दोन सीटांमधल्या वाटेत पूर्ण वाढीची सायकल उभी राहते. टाळ्या पडतात. नाना घंटी वाजवून पाहतात. एक घंटी ऐकून ड्रायव्हर गाडी थांबवतो.

‘आता मिट,’ कंडक्टर म्हणतो.

पहिला खटका बसतो. दुसरा बसत नाही. नाना हँडल धरतात, एक पहिलवान मागचं चाक दाबतो, मावशी डावीकडे वळवायला सांगतात. एरंडोलला उतरणारे सायकल ओलांडून उतरतात आणि चढणारे ओलांडून चढतात. पारोळ्याला कंडक्टर मुकाट्याने मशीन काढतो आणि लगेजचं तिकीट देतो.